फेरफार कोणता, अपराध कोणता?

यंत्र वापरले की झिजते आणि झिजले की त्याची किंमत उतरते, हा घसाऱ्याचा साधा नियम आम्ही वाणिज्य व अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे वर्गात सांगत असतो. परंतु ज्या दिवशी मी तो सांगतो, त्या दिवशी मागल्या बाकावरचा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “मग सर, तुमच्या आरएक्सचे काय?” प्रश्न खोडसाळ असला तरी बिनतोड आहे. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून १९८९ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० मी आजही चालवितो, आणि तिच्यासाठी लोक लाखाच्या पुढची रक्कम देऊ करतात. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी आयुष्यात केलेल्या गुंतवणुकींपैकी ही एकच नफ्यात गेली, आणि ती त्यांनी गुंतवणूक म्हणून केलेलीच नव्हती.

या भावामागचे कारण गूढ नाही. पुरवठा कायमचा थांबला आहे आणि मागणी वाढत आहे. आरएक्स १०० चे उत्पादन १९८५ साली सुरू झाले व १९९६ साली थांबले. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखानाही १९९६ सालीच बंद पडला. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० तर त्या दशकाअखेरीसच उत्पादनातून गेली होती. परवाना-राज्यात चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीला जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या एकाएकी मिळू लागल्या, तेव्हा जो आनंद झाला त्याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना देणे कठीण आहे. त्या गाड्यांमध्ये हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती आणि काटकसरी होती. हिशेबी गृहस्थाने तीच घ्यावी असे सर्वांचे मत होते, व अखेरीस बाजाराचा कौलही तिच्याच बाजूने गेला. आरएक्स मात्र अवघ्या ९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून ११ अश्वशक्ती काढीत असे. जो एकदा तिच्यावर बसला, त्याचा हिशेब बिघडला.

ही शक्ती येते कोठून, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा वाद कळणार नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत पेटते. त्यात वर-खाली होणाऱ्या झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच झरोके ठेवलेले असतात आणि पिस्टनच जाता-येता त्यांची उघडझाप करतो. सोय मोठी, पण तिची किंमतही मोठी. जळालेला धूर बाहेर जाण्याचा झरोका उघडा असतानाच ताजे मिश्रण आत येत असल्याने त्याचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटून जातो. परिस्थितीनुसार हा भाग एक-तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळते. पाठीमागून येणाऱ्याच्या नाकाला त्याची वर्दी मिळतेच.

निसटणारे मिश्रण परत आत ढकलण्याची युक्ती सायलेन्सरच्या आकारात आहे. नळी आधी फुगवीत नेऊन पुढे निमुळती केली, तर धुराच्या दाबाची लाट तेथे आपटून माघारी येते आणि बाहेर पडू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरात लोटते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने हे शास्त्र पूर्णत्वाला नेले. त्यांचाच स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पश्चिमेकडे पळून गेला व ही विद्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटातील जागतिक अजिंक्यपद जिंकले. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला नुसते ‘चेंबर’ म्हणतात, त्या वाकड्या नळीमागे शीतयुद्धाचा एवढा इतिहास आहे. या नळीचे माप मूळचे काटेकोर आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात अंदाजाने वेल्डिंग करून दिलेली नळी शक्ती वाढवितेच असे नाही. आवाज मात्र खात्रीने वाढविते.

येथे मला एक कबुली द्यावयास हवी. महाविद्यालयात शिकत असताना, वडील परगावी गेलेले पाहून, मी या गाडीच्या सायलेन्सरमधील जाळी काढून टाकली होती. सुमारे पंधरवडा मी स्वतःला गल्लीचा राजा समजत होतो. समोरच्या घरात निवृत्त झालेले एक हेडक्लार्क काका राहत. त्यांचे हृदयाचे दुखणे सर्वांना ठाऊक होते. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. गाडी सुरू झाली की उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेत, एवढेच. वडील परत आल्यावर त्यांनी ती बंद खिडकी पाहिली, मला काही न विचारता गाडीची किल्ली खिशात घातली, आणि जाळी परत बसेपर्यंत ती मला दिली नाही. बाह्य परिव्यय म्हणजे काय, याची व्याख्या मी नंतर पिगूच्या ग्रंथात वाचली. अर्थ मात्र मला त्या खिडकीने आधीच शिकविला होता.

म्हणूनच पोलीस जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवितात, त्याचे छायाचित्र पाहून मला हौशी मंडळींप्रमाणे हळहळ वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याला फेरफार दिसतो, पण त्या फेरफाराचा परिणाम कोणावर होतो हे दिसत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आशय असा की, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आता प्रत्यक्षात काय होते पाहा. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर व पिस्टनची धाव ५० मिलिमीटर. गुणाकार केला की ९८ घनसेंटिमीटर येतात. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर सिलिंडर झिजले, रिंगा सैल झाल्या, की गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाते. तेथील लेथवर सिलिंडर पाव मिलिमीटर रुंद करून त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवितात. चार वेळा बोअर केले की व्यास ५१ होतो आणि इंजिन १०२ घनसेंटिमीटरचे. ही निव्वळ दुरुस्ती आहे, आणि देशातील प्रत्येक मिस्त्री ती राजरोस करतो. पण कलमाचा शब्द धरून बसायचे, तर नोंदणीपत्रातील तपशील बदलला! याउलट जाळी काढून टाकणाऱ्या तरुणाच्या नोंदणीपत्रातील एकही आकडा बदलत नाही. त्याला आवाजाच्या नियमांखाली पकडावे लागते, आणि तेही नाक्यावर त्याच क्षणी कोणी उभे असेल तरच.

जुनी गाडी रोज रस्त्यावर चालवायची तर काही बदल करणे शहाणपणाचेच असते. येझदीचे सहा व्होल्टचे दिवे आजच्या महामार्गावर समोरच्याला काजव्यासारखे दिसतात. तेथे बारा व्होल्टची व्यवस्था व इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले, तर दिवाही उजळतो आणि ठिणगी चोख पडून इंधनही नीट जळते. आरएक्सच्या पुढच्या चाकातील ड्रम ब्रेक हा तिचा सर्वांत दुबळा अवयव आहे. पुढे त्याच घराण्यात आलेल्या गाडीचा डिस्क ब्रेक तिला बसविणारा माणूस रस्त्यावरच्या इतरांचा जीवही सांभाळीत असतो. दुसरीकडे, झरोके कानशीने मोठे करून, मोठा कार्ब्युरेटर लावून, १३५ चे सिलिंडर १०० च्या इंजिनावर चढवून शर्यत खेळणारेही आहेत. मूळच्या ब्रेकवर दीडपट वेग चढविण्याला मी हौस म्हणणार नाही. पण या दोन प्रकारच्या माणसांत भेद करणारी कसोटी कायद्यात नाही. ब्रेक बदलणाऱ्याचे नशीब त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून राहते. (माझा अनुभव असा की, मत सकाळी एक व दुपारी दुसरे असू शकते.)

एका फेरफाराला मात्र कायदा हात देतो. जुन्या दुचाकीचे इंजिनच काढून टाकून तेथे मान्यताप्राप्त विजेचा संच बसविण्यास मार्ग मोकळा आहे. मला त्याचा विरोध नाही. पण संपूर्ण इंजिन काढण्यासाठी मान्यतेची पद्धत ठरविता येते, तर ब्रेक व दिवे बदलण्यासाठी का येऊ नये, हा प्रश्न उरतोच.

जतनाच्या बाजूनेही हीच गत. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’चा दर्जा दिला. अट अशी की मूळ स्वरूपात बदल झालेला नसावा, आणि नित्याच्या कामासाठी ती रस्त्यावर चालवू नयेत. प्रथम नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. धनिकाच्या दिवाणखान्यातील जावासाठी ही व्यवस्था ठीक आहे. शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरी अजून चालत असलेल्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या गाडीला तिचा काही उपयोग नाही. तिला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क तीनशे रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून एक हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीस दोन हजार. पर्यावरण कर निराळा. रकमेबद्दल मी कुरकुर करणार नाही. जुने वाहन हवा अधिक दूषित करते, आणि करणाऱ्याने भरावे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मग ते तत्त्व पुरतेपणी पाळावे. महिन्यातून दोन रविवारी निघणारी गाडी आणि रोज साठ किलोमीटर धूर सोडणारी गाडी एकच रक्कम भरतात. गाडीचे वय मोजणे सोपे असते म्हणून आपण वय मोजतो, धूर मोजीत नाही.

वस्तुतः धूर मोजण्याची व्यवस्था आहे. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के व हायड्रोकार्बनची दशलक्षांत ९,००० भाग. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के व ६,०००. मर्यादा आधीच सैल, आणि तपासणी होते ती गाडी जागेवर मंद चालू असताना. तेलाचा निळा धूर त्यात नीट पकडलाच जात नाही. ही तपासणी कडक झाली तर आम्हा टू-स्ट्रोकवाल्यांपैकी निम्मे लोक नापास होतील, असे माझे मित्र मला बजावतात. होऊ देत. नापास झालेल्याला गाडी सुधारण्याची संधी व तसा अधिकार असला म्हणजे झाले.

सुधारणे अशक्य नाही. १९९८ च्या अखेरीस दिल्लीच्या पंपांवर टू-स्ट्रोक वाहनांना योग्य प्रमाणात तेल मिसळलेलेच पेट्रोल देण्याची सक्ती झाली. कारण उघड होते. जास्त तेल म्हणजे इंजिनाला जास्त आराम, अशा समजुतीने रिक्षाचालक हवे तेवढे तेल ओतीत असत. पुढे फिलिपीन्समधील विगान शहरात टू-स्ट्रोक तीनचाकींना इंधन थेट सिलिंडरात फवारण्याचे जोडसाहित्य बसविण्याचा प्रयोग झाला. झरोका बंद झाल्यावरच पेट्रोल आत येत असल्याने निसटण्याचा प्रश्न मुळातूनच कमी झाला, धूर घटला आणि पेट्रोलही वाचले. जुन्या इंजिनात केलेला फेरफार हाच तेथे प्रदूषणावरचा उपाय ठरला. आपल्या कलमाच्या शब्दांपुढे असा उपाय घेऊन एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी उभा राहिला, तर त्याला आधी दंडाची पावती मिळण्याचाच संभव अधिक.

जोडसाहित्याचे निकष ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहेच. तो वापरून ब्रेक, दिवे, इग्निशन, टायर यांतील मान्य बदलांची यादी प्रसिद्ध करावी. बोअरच्या दुरुस्तीला नियमांत स्पष्ट जागा द्यावी. प्रादेशिक परिवहन कार्यालयात नूतनीकरणाच्या वेळी आवाज व धूर गाडी चालत्या स्थितीत मोजावा, आणि शुल्क त्या मोजणीवर ठरवावे. आवाजाच्या बाबतीत मात्र सवलत नको. तेथे दंड आणखी वाढविला तरी माझी हरकत नाही.

माझ्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण येत्या वर्षी आहे. गेल्या दिवाळीत दुसऱ्यांदा बोअर केल्यापासून सिलिंडरचा व्यास साडेपन्नास मिलिमीटर झाला आहे. म्हणजे तिच्या नावातील शंभराचा आकडा आज प्रथमच खरा ठरला. नोंदणीपत्रावर अजून ९८ च आहेत. निरीक्षक खडूने चॅसीचा क्रमांक घासून पाहतील, दिवा लावून पाहतील, आणि मी तोंड मिटून उभा राहीन.