येरळेची वाळू



येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पावसाळा सरला की पात्र कोरडे दिसते, पण वाळूच्या पोटात पाणी असते. म्हणून तर बायका झिरा उकरून नितळ पाण्याचा हंडा भरत. वाळू पाणी साठवते, वर गाळूनही देते. ती उपसली की काठच्या विहिरी खोल जातात, आणि खड्ड्यात साचते ते वरच्या गावाचे सांडपाणी. मग बसा टँकरची वाट पाहत!

खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात ठेकेदारांच्या उपशाविरुद्ध लढा दिला. थोडी वाळू स्वतःच विकली आणि तो पैसा व श्रमदान घालून बळीराजा धरण बांधले. पाणी भूमिहीनांसह सर्वांना सारखे, आणि त्यावर ऊस नाही, असे ठरवले. ऊसवाल्यांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे.

तुमच्या ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला तर घरच्या लक्ष्मीलाही सोबत न्या. हंडा तीच वाहते. आणि विहिरीत दोरी सोडून दर महिन्याला पाण्याची खोली वहीत टिपून ठेवा. सभेत ती वही पुढे करता येईल.