मोर्णेकाठचे दोन गाव

अकोल्यात पत्ता सांगताना आजही ‘जुन्या शहरात’ म्हटले की पूल ओलांडायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. मोर्णेच्या पश्चिम काठावर असदगड, वेशी, राजराजेश्वराचे मंदिर, पूर्वेला ताजनापेठ. इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि गोऱ्यांचे बंगले पूर्वेला गेले, 1860 च्या दशकात रेल्वे आली, कापसाच्या गाड्यांनी तो काठ गजबजला. श्रीमंती पलीकडे सरकली, गावपण अलीकडे राहिले. नदीकडे मात्र दोन्ही काठांनी सारखीच पाठ फिरवली.

आज किल्ल्याखाली उभे राहिले तर पाणी नव्हे, जलकुंभीचा हिरवा गालिचा दिसतो. पानांत अडकलेल्या पिशव्या, निर्माल्य आणि नाल्यांचा काळा ओघळ. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर सफाईसाठी पात्रात उतरले, ‘मन की बात’मध्ये कौतुकही झाले. उत्साह खराच होता. पण वरून जलकुंभी उपसायची आणि खालून सांडपाणी सोडत राहायचे, तर ती पुन्हा माजणारच. सांडपाणी हेच तिचे खत.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वरासाठी खांद्यावर आणतात. परंपरा जुनी, श्रद्धेची. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरी मोर्णा ओलांडताना त्या भरल्या घागरी डोळ्यांत खुपतात.

काठ सुशोभीकरणाच्या बाकांआधी महापालिकेने नाले अडवावेत, पूररेषेच्या खुणा दगडात रोवाव्यात. सेल्फी पॉइंट मागाहून झाला तरी चालेल.