आधीच्या विमानातील रिकामी खुर्ची

परदेशी प्रदर्शनांना जाऊन आलेल्या व्यापारी बांधवांकडून एक हकीकत आम्ही वारंवार ऐकतो. शेवटच्या गिऱ्हाइकाची भेट दुपारी दोनला आटोपली. परतीचे विमान रात्री नऊचे. मधले सात तास विमानतळावरच्या बाकावर बसून काढले. त्याच शहराला जाणारी दोन विमाने डोळ्यांदेखत सुटली. त्यांत जागा होती की नव्हती हे विचारावे असे मनातही आले नाही. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले: "तिकीट रात्रीचे होते, मग कोणत्या तोंडाने विचारायचे?"

विचारायचे असते. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांकडे तर त्यासाठी रीतसर यादी असते आणि तिला 'स्टँडबाय' असे नाव आहे. आपले तिकीट रात्रीचे, पण दुपारच्या विमानात जागा उरली तर मला न्या, असे सांगून त्या यादीत नाव घालता येते. जागा मिळाली तर दुपारी निघायचे, नाही मिळाली तर रात्रीची खुर्ची आपलीच आहे. रेल्वेच्या वेटिंग लिस्टची सवय असलेल्या आपल्या लोकांची इथेच गफलत होते. वेटिंगवाल्याच्या हातात काहीच पक्के नसते, म्हणून तो कानकोंडा होऊन टी. सी.च्या मागे फिरतो. स्टँडबायवाल्याच्या खिशात पक्के तिकीट असते आणि त्याचे पूर्ण पैसे भरलेले असतात. तो कोणाकडे मेहेरबानी मागत नाही.

यात कंपनीचा काय फायदा, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. कापड आज विकले गेले नाही तर उद्या विकले जाईल. भाजीसुद्धा संध्याकाळी पडेल भावाने जाते. पण विमानाचे दार लागले की रिकाम्या खुर्चीची किंमत त्या क्षणी शून्य होते आणि ती पुन्हा कधीच विकता येत नाही. उलट दुपारी गेलेल्या माणसाची रात्रीची खुर्ची मोकळी होते. ती एखाद्या घाईच्या प्रवाशाला चढ्या भावाने विकता येते, किंवा रात्रीचे विमान जास्त भरले असेल तर तिथली अडचण सुटते. नाशवंत माल संपला आणि टिकाऊ माल हातात आला, असा हा सौदा आहे.

हा शब्द पूर्वी वेगळ्या अर्थाने प्रसिद्ध होता. फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकाने सप्टेंबर १९७७ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाहून न्यूयॉर्कला 'स्कायट्रेन' सुरू केली. आगाऊ आरक्षण नाही, या, रांगेत उभे राहा, ५९ पौंड भरा आणि बसा. लोकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. मग बड्या कंपन्यांनाही अटलांटिकवर स्वस्त स्टँडबाय भाडी आणावी लागली. लेकरची कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाली, पण उरलेल्या खुर्चीला गिऱ्हाईक असते हे त्याने दाखवून दिले. आज स्टँडबाय म्हणजे स्वस्त तिकीट नव्हे. असलेल्याच तिकिटावर त्याच दिवशी आधी निघणे, असा त्याचा मुख्य अर्थ झाला आहे.

बरीच वर्षे अमेरिकन कंपन्या यासाठी सर्वसामान्य प्रवाशाकडून पैसे घेत असत. कोरोनाच्या साथीत विमाने ओस पडली तेव्हा त्यांची मूठ सैल झाली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस युनायटेडने देशांतर्गत बहुतेक तिकिटांवरील बदलाचे शुल्क काढून टाकले, दुसऱ्याच दिवशी डेल्टा आणि अमेरिकन यांनी तेच केले. त्याच सुमारास अमेरिकनने ऑक्टोबर २०२० पासून आणि युनायटेडने जानेवारी २०२१ पासून त्याच दिवसाच्या स्टँडबायचे शुल्कही उठवले. तपशिलाचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत आणि बदलतही असतात. कोणी सभासदत्व मागते, ते फुकट मिळते. सर्वांत स्वस्त वर्गाच्या तिकिटावर कोणी ही सोय देते, कोणी देत नाही. शंभर डॉलर वाचवून असे तिकीट घेतले आणि वेळ आल्यावर हात बांधलेले आढळले, असे होऊ नये म्हणून तिकीट काढतानाच हे विचारून घ्यावे.

यादीत नाव घालणे सोपे आहे. प्रवासाच्या दिवशी चेक-इन केल्यावर कंपनीच्या ॲपवर, विमानतळावरील यंत्रावर किंवा गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ते होते. एक जपावे. 'कन्फर्म्ड चेंज' आणि 'स्टँडबाय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नवी जागा तिथेच पक्की होते, पण पैसे पडू शकतात. दुसऱ्यात पैसे नाहीत आणि खात्रीही नाही. नाव घातल्यावर यादी गेटवरच्या पडद्यावर दिसते. तिथे पूर्ण नाव नसते. आडनावाची पहिली काही अक्षरे आणि नावाचे आद्याक्षर, एवढेच असते. शेख आणि खान मंडळींनी इथे डोळे उघडे ठेवावेत, कारण त्याच तीन अक्षरांचे दोघे-तिघे एका यादीत सहज असू शकतात. आधी आला त्याला आधी, असा निव्वळ हिशेबही नसतो. कंपनीने नेहमी उडणाऱ्यांना दिलेला दर्जा, तिकिटाचा वर्ग आणि मग नाव घातल्याची वेळ, असे पाहिले जाते. वर्षातून एकदा जाणारा आपला कारागीर साहजिकच खाली असतो. म्हणून सकाळीच नाव घालावे आणि विमान सुटण्याच्या वेळी गेटपाशीच बसावे. नावे बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात पुकारली जातात. त्या वेळी चहाला गेलेल्या माणसासाठी कोणी थांबत नाही.

आता सामान. आमच्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने फुटले आणि ३२९ माणसे प्राणाला मुकली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान पडले, त्यातही बॅग एकटीच प्रवास करीत होती. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय विमानात माणूस आणि त्याची बॅग बरोबरच गेली पाहिजे हा नियम कडक झाला. माणूस चढला नाही तर बॅग शोधून उतरवली जाते. आपल्या देशातल्या विमानांतही तेच होते. म्हणजे बॅग एकदा काउंटरवर दिली की या विमानातून त्या विमानात उडी मारणे अवघड. अमेरिकेच्या देशांतर्गत विमानात मात्र २००१ नंतर प्रत्येक बॅग यंत्रातून तपासण्याचा कायदा झाला, त्यामुळे तिथे माणूस पुढे आणि बॅग मागच्या विमानाने, असे घडू शकते. परंतु मग पोहोचून करायचे काय? बॅग येईपर्यंत त्या विमानतळावर बसायचे. बाक तेवढा बदलला.

आपले कारागीर तर नमुन्यांनी लादलेले असतात. पितळेची भांडी, बिदरीचे नग, हिमरूचे तागे, चपलांचे जोड. ज्याला आधी निघण्याची मोकळीक हवी त्याने नमुन्यांची पेटी कुरिअरने पुढे धाडावी आणि स्वतः हातातल्या एका बॅगेवर फिरावे. खर्च होतो, हे खरे. पण तो नमुन्यांच्या खात्यात धरावा. शिवाय हातातल्या बॅगेचीही एक गोम आहे. स्टँडबायवाला सर्वांत शेवटी आत जातो, तोवर डोक्यावरचे कप्पे भरलेले असतात. मग त्याची बॅग दारातच काढून घेऊन पोटात टाकतात. तेव्हा नाजूक नग अंगाशी राहील अशा लहान पिशवीत वेगळे ठेवावेत. मिरजेहून वाद्ये घेऊन जाणाऱ्यांनी तर हा नाद करूच नये. अमेरिकेत लहान वाद्य केबिनमध्ये घेण्याचा नियम आहे, पण तो चढते वेळी जागा शिल्लक असेल तरच. सतारीसाठी वेगळी खुर्ची घेणारे असतात, आणि दोन रिकाम्या खुर्च्यांची स्टँडबायवर आशा धरणे शहाणपणाचे नाही. तसेच कार्नेटवर माल नेलेल्यांनी देश सोडताना कस्टमचा शिक्का विसरू नये. फिक्कीकडून घेतलेला कागद शिक्क्याविना परत आणला तर वाचवलेले तास नंतर महिने बनून अंगावर येतात.

कुठे हा खटाटोप निरर्थक आहे तेही सांगितले पाहिजे. लास वेगासहून न्यूयॉर्क आणि तिथून मुंबई असे एकच तिकीट आहे. वेगासहून तीन तास आधी निघालात, पण मुंबईचे विमान आपल्या वेळेलाच सुटणार. न्यूयॉर्कला थांबून काही काम नसेल तर मिळवले काय? मात्र त्याच दिवशी न्यूयॉर्कला दुसरी पार्टी भेटणार असेल तर त्याच तीन तासांत एक ऑर्डर बसू शकते. विमानतळही नीट पाहावा. न्यूयॉर्कला केनेडी, लाग्वार्डिया आणि शेजारचा नेवार्क असे तीन आहेत. आपले तिकीट ज्याचे, मागणी त्याच विमानतळाच्या विमानाची करावी. आणि दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट काढून परस्पर निघून जाऊ नये. मधल्या एका टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढची सगळी बुकिंगे रद्द होतात, मुंबईचेही.

एक गोष्ट आपल्या लोकांत दबक्या आवाजात बोलली जाते, ती उघड बोलूया. २००१ नंतर अमेरिकेच्या विमानतळावर दाढी-टोपीतला माणूस स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायला धजत नाही. शेवटच्या घटकेला विमान बदला म्हटले तर संशय घेतील, ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्यांना बाजूला काढून तासभर तपासले गेले त्यांना तो अपमान माहीत आहे. पण स्टँडबायच्या यादीत दररोज हजारो माणसे नाव घालतात. तो सरकारचा नव्हे, कंपनीचा कारभार आहे आणि सरकारी यादीशी नाव पडताळणे ज्याला रात्री घडते त्याला दुपारीही घडते. घाबरण्याऐवजी कागद चोख ठेवावेत. पासपोर्टवर, व्हिसावर आणि तिकिटावर नावाचे स्पेलिंग एकच असावे. पासपोर्टवर आडनाव नसलेल्यांच्या अमेरिकन व्हिसावर 'एफएनयू', म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापून येते आणि मग तिकिटात घोळ होतो. जागा अचानक मिळाली की गेटवर पाच मिनिटांत सर्व उरकायचे असते. तो घोळ निस्तरायला तेव्हा वेळ नसतो. पासपोर्ट सुधारायचा तर मुंबईतच सुधारावा.

आता आपल्या घरचे. मुंबई-दिल्ली, मुंबई-बंगळुरू या मार्गांवर दिवसभर विमानांची रीघ असते. तरी इथे आधीच्या विमानाने जायचे तर बहुतेक तिकिटांवर बदलाचे शुल्क आणि वर भाड्यातला फरक मोजावा लागतो, आणि हे दोन्ही मिळून कित्येकदा मूळ तिकिटाच्याही पुढे जाते. समोर रिकामी खुर्ची घेऊन विमान उडते आणि भिवंडीचा कापडवाला दिल्लीच्या टर्मिनलवर बसून राहतो. कंपन्या म्हणतील, ही सोय फुकट दिली तर लोक रात्रीचे स्वस्त तिकीट काढून दुपारी येऊन बसतील आणि दुपारचे महाग तिकीट कोणी घेणार नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ज्याला चारला सदर बाजारात पोहोचायलाच हवे तो नशिबावर तिकीट काढत नाही. दार लागण्याआधी उरलेली जागा द्या, बॅग दिलेल्याला देऊ नका, एवढी अट पुरेशी आहे.

आणि न्यायाची बाजूही आहे. कंपनीला जागांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याची मुभा आहे. पक्के तिकीट असलेल्याला दारात अडवले तर काय द्यायचे, हे विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ च्या नियमांत ठरवून दिले. तासाभरात दुसरे विमान दिले तर काही नाही, चोवीस तासांच्या आत दिले तर एकेरी मूळ भाड्याच्या नि इंधन शुल्काच्या दुप्पट पण कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाल्यास चौपट पण कमाल २०,०००. कंपनीचा अंदाज चुकला तर प्रवाशाने थांबायचे आणि कंपनीचा अंदाज चुकून खुर्ची रिकामी राहिली तरी प्रवाशानेच थांबायचे, हा हिशेब एकतर्फी झाला. आमच्या व्यापारी संघटना जकात-करांवर निवेदने देतात. एखादे निवेदन या विषयावरही महासंचालनालयाकडे जावे. कोल्हापूरसारख्या मोजकी विमाने असलेल्या ठिकाणी याचा उपयोग नाही, पण मोठ्या मार्गांवर नक्की आहे.

तोपर्यंत जे जानेवारी-फेब्रुवारीत टूसॉनच्या रत्नांच्या बाजाराला किंवा एप्रिल-ऑक्टोबरात हाय पॉइंटच्या फर्निचर बाजाराला जाणार आहेत, त्यांनी एजंटाकडे पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. या तिकिटावर त्याच दिवशी स्टँडबाय चालते का? आणि परतीच्या टप्प्यावर आमच्या आधी त्याच शहराला त्या कंपनीची किती विमाने आहेत? दुसऱ्याचे उत्तर 'एकही नाही' असे आले तर पहिला प्रश्न सोडून द्यावा आणि जे स्वस्त असेल ते घ्यावे.