'सर्वत्र बदला' करण्यापूर्वी

मराठी विकिपीडियावर नव्याने आलेल्यांनो, इंग्रजी पानावरून गावाचे नाव उचलू नका. रोमन लिपीत ठ आणि थ एकच. म्हणून आमच्या कामोठ्याचे 'कामोथे' होते. हा दोष निदान क्षणात दुरुस्त होतो. जुने नाव सरसकट पुसणे हा खरा अपराध. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले १९८१ मध्ये. मग १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहाच्या लेखात 'रायगड जिल्हा' कोणत्या अधिकाराने घालता? त्या काळची वृत्तपत्रे आणि सरकारी दप्तरे कुलाबाच म्हणतात. त्यांत 'रायगड' शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार? (हा कुलाबा अलिबागचा, मुंबईच्या कुलाब्याचा दुवा कृपया जोडू नका.) 'कुलाबा जिल्हा (आजचा रायगड)' एवढे लिहायला कंसभर जागा पुरते.