नवव्या सुराचा मेळ

विश्रामबागेहून मिरज कांहीं लांब नाहीं. तेथें भोपळे कोरून तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं असून २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा या परिसरांतील घरांतून आतां गिटार वाजूं लागली आहे. विश्रामबागेंतील एक वाचक गृहस्थ आम्हांस लिहितात कीं, त्यांची पुतणी सकाळीं तंबोऱ्यावर षड्ज लावते व सायंकाळीं गिटारीवर 'नाइन्थ' म्हणून कांहीं वाजविते; या कोलाहलानें तिचा कान बिघडेल, तरी गिटार माळ्यावर टाकावी कीं काय? हा विचार कानीं गेल्यापासून मुलगी धड जेवत नाहीं, असेंही त्यांनीं लिहिलें आहे.

कॉर्ड म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. षड्जापासून एकाआड एक सूर घेत गेलें, कीं सा, ग, प मिळतात. ते एकदम वाजविणें ही मूळ कॉर्ड. तोच क्रम पुढें चालविला तर निषाद येतो. तो सातवा, म्हणून 'सेव्हंथ'. त्यापुढें तारसप्तकांतला रिषभ नववा, मध्यम अकरावा, धैवत तेरावा. संख्येंतून सात वजा केले, कीं सुराचें मूळ स्थान निघतें. नुसतें 'नाइन्थ' म्हटलें, कीं निषाद कोमल धरावा, असा संकेत आहे. निषाद वगळून केवळ रिषभ जोडला, तर ती 'ॲड नाइन'. शिकाऊ मंडळी नेमकी येथेंच गोंधळतात.

तेराव्यापर्यंत पोंचलें म्हणजे सातही सूर हजर होतात. पण गिटारीस तारा सहाच, आणि डाव्या हाताचीं बोटें चार! तेव्हां कोणास तरी रजा द्यावी लागते. बहुधा पंचम प्रथम जातो, कारण त्याच्या जाण्यानें मेळाचा स्वभाव फारसा पालटत नाहीं. गंधार व निषाद सहसा सोडीत नाहींत. अकराव्यांत मात्र पुष्कळदां गंधारासच निरोप मिळतो. तेथें मध्यमाशीं त्याचें पटत नाहीं.

आतां कोलाहलाविषयीं. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून स्वस्थपणें कान द्यावा. तिच्या मूळ नादाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे सूक्ष्म नादही उमटत असतात. त्यांत तिसरा पंचम, पांचवा गंधार, सातवा कोमल निषादाहून किंचित् उतरलेला, आणि नववा रिषभ. म्हणजे ही मुलगी सायंकाळीं बोटांनीं जो मेळ जुळविते, त्याचा आराखडा सकाळीं एकाच तारेंत तिच्यासमोर असतो. त्यास कोलाहल म्हणणें आम्हांस तरी साधत नाहीं.

खरा आक्षेप निराळा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध करून सुरांचीं प्रमाणें गणितानें मांडलीं. षड्ज २४० आंदोलनांचा धरिला, तर तंबोऱ्याचा गंधार ३०० चा येतो. गिटारीच्या पडद्यावरील मात्र सुमारें ३०२.४ चा. दोन्ही एकत्र वाजले, तर सेकंदास दोनतीन हेलकावे स्पष्ट ऐकूं येतात. रिषभ २७० ऐवजीं २६९.४, पंचम ३६० ऐवजीं ३५९.६, हें अंतर क्षुल्लक होय. सातव्या नादाचा निषाद ४२० चा आणि पडद्यावरील ४२७.६ चा, हें मात्र क्षुल्लक नव्हे. अशाच मतभेदांतून आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली व ती अनेक वर्षें टिकली. पण घरोघरची पेटी कांहीं थांबली नाहीं, आणि गवयांचे कानही गेले नाहींत.

सबब गिटार माळ्यावर टाकूं नये. गंधार तंबोऱ्यावरच लावावा, पडद्यावरून गळ्यांत घेऊं नये. दोन्ही वाद्यांच्या मध्यें निदान घटकाभर अवकाश असावा. आणि 'नाइन्थ' वाजविल्यावर तिच्यांतील पांचही सूर एकेक करून गळ्यानें काढून दाखवावे. निषाद निघाला नाहीं, तर पुढच्या अकराव्याकडे तूर्त वळूं नये.