इंजिन चोरून श्वास घेतं तेव्हा

बालमित्रांनो, सायकलचा पंप हवा ढकलतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज आपण हवा ओढणाऱ्या यंत्राकडे बघू. ते म्हणजे मोटारीचं इंजिन!

हिरोशिमा हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. त्याच शहरात माझदा कंपनीने एमएक्स-५ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार बनवली. १९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. पुढे ती इतकी आवडली, की २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या गाड्या आता पस्तीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. हौशी माणसं त्या अजून जपतात. पण रबर काही कुणासाठी तरुण राहत नाही. इंजिनाच्या धगीने नळ्या कडक होतात, त्यांना भेगा पडतात.

आता इंजिन श्वास कसा घेतं ते पाहू. दट्ट्या खाली गेला की हवा आत ओढली जाते. वाटेत एक झडप असते. गाडी जागेवर उभी राहून नुसती घुरघुरत असते, तेव्हा ही झडप जवळजवळ बंद असते. दट्टे ओढताहेत आणि दार बंद! म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश उरतो. यालाच मेकॅनिक मंडळी ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. खरी निर्वात पोकळी नव्हे बरं का, नुसता कमी दाब.

एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून संगणकाला आत येणारी हवा मोजावी लागते. या गाडीच्या पहिल्या १.६ लिटरच्या इंजिनात त्यासाठी एक फडकी असते. हवा तिला ढकलते, ती जितकी उघडते तितकं पेट्रोल सोडलं जातं.

समजा, शाळेच्या फाटकावर गुरुजी मुलं मोजताहेत. तेवढ्यांचीच खिचडी शिजली. पण दहाजण मागच्या कुंपणातून आत आले! मग काय, खिचडी कमी पडणारच. फुटक्या नळीतून आलेली हवा ही अशीच. ती फडकीपुढून गेलीच नाही, म्हणून मोजली गेली नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन थरथरतं, आचके देतं, कधी बंदही पडतं. गाडी वेगात असली की मात्र हा दोष फारसा जाणवत नाही. का? हजार मुलांत दहाजण जास्त आले तर कुणाला कळणार? मेकॅनिकला हा मोठा धागा मिळतो.

आता गंमत ऐका. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, की तो संगणकाला कळवतो, “पेट्रोल कमी पडतंय!” पुष्कळदा लोक हा सेन्सरच बिघडला असं समजून नवा बसवतात. पैसे जातात, दोष तिथंच राहतो. बिचारा सेन्सर खरंच सांगत होता!

मग दोष शोधायचा कसा? आधी डोळ्यांनी, प्रत्येक नळी वाकवून. भेगा बहुधा टोकाशी असतात. मग कानांनी. नळीचा तुकडा कानाला लावून, डॉक्टरांसारखा, ‘स्स्स’ असा आवाज ऐकायचा. तरीही सापडलं नाही, तर इंजिन बंद ठेवून हवेच्या वाटेत अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथं भेग, तिथून धूर बाहेर! नळी लांब असेल तर फाटकं टोक कापून पुन्हा बसवता येते, नाहीतर त्याच मापाची, धग सोसणारी नवी नळी घालावी लागते.

नळ्या ठीक निघाल्या तर मग तारांची पाळी. पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी असतो. तार तुटली किंवा तिच्या टोकाला हिरवा गंज चढला, की रोध फार वाढलेला दिसतो. संगणकाला वाटतं, इंजिन गारठलंय! तो जास्तीचं पेट्रोल सोडू लागतो. इथे मल्टिमीटर कामाला येतो. मीटर लावून तार हळूच हलवायची. आकडा उड्या मारू लागला, तर दुखणं तिथंच. दुरुस्तीआधी बॅटरीची ऋण तार सोडायची. नुसती पीळ देऊन पट्टी गुंडाळणं म्हणजे चार दिवसांचा इलाज. खराब भाग कापून, नीट जोडून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली की काम पक्कं.

पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारी शक्ती याच व्हॅक्यूममधून येते. ती नळी फुटली, तर पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबवायला फार जोर लावावा लागतो. असं जाणवलं, तर गाडी तशीच दामटू नका. आधी मेकॅनिकला दाखवा. आणि तो काही न बदलता अर्धा तास नुसता तपासत बसला, तर कुरकुर करू नका. खरं कसब त्या तपासातच आहे.

मुलांनो, घरी करून पाहा : सरबताच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा आणि सरबत ओढा. काय होतं? मग भोकांवर बोट ठेवून पुन्हा ओढा. फरक का पडला, ते चार ओळींत आम्हाला लिहून कळवा. उघड्या बॉनेटपाशी मात्र मोठी माणसं बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, कळलं ना?