तिसरे दुकान चालेल, पण कधी?

गेल्या वर्षी मी आणि माझ्या एका सहकारी शिक्षकाने एक छोटेसे ॲप करायचे ठरवले. उर्दू माध्यमाच्या मुलांना रोज पाच मराठी शब्द, त्यांचा उर्दू अर्थ आणि उच्चार मिळावा, एवढाच हेतू. पुस्तक छापले असते तर गावात चार दुकानांत ठेवता आले असते. ॲपसाठी आम्हाला दोनच दुकाने माहीत होती. गुगलच्या प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच 25 डॉलर, ॲपलच्या ॲप स्टोअरवर दरवर्षी 99 डॉलर. आमच्या पालकांमध्ये आयफोन कोणाकडे असणार? म्हणून आम्ही गुगल निवडले. खरे तर निवडले तरी कसे म्हणावे!

ही दोन्ही दुकाने 2008 सालची. ॲपलने जुलैमध्ये अवघ्या 500 ॲपनिशी सुरुवात केली, काही महिन्यांनी गुगलचे अँड्रॉइड मार्केट आले. 2012 मध्ये त्याचेच नाव प्ले स्टोअर झाले. आज भारतात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. म्हणजे आपल्याकडे बाजार गुगलचा. ॲपमधून डिजिटल वस्तू विकली की दोघेही 15 ते 30 टक्के कमिशन घेतात.

फेब्रुवारी 2024 मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केले. मराठीसह 12 भारतीय भाषा, दोन लाखांहून अधिक ॲप, पहिल्या वर्षी नोंदणी मोफत. पैसे घेण्यासाठी दुसऱ्या कंपनीची व्यवस्था वापरली तर कमिशन नाही. मग आमच्यासारख्यांनी तिकडे धाव घ्यायला हवी होती. तरीही आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी विचारले, तेव्हा एकाही शिक्षकाच्या फोनमध्ये ते नव्हते.

कारण साधे आहे. प्ले स्टोअर फोनच्या डब्यातूनच येते. दुसरे स्टोअर बाहेरून घ्यायचे तर फोन आधी धोक्याची सूचना दाखवतो. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1337.76 कोटींचा दंड केला आणि इतर स्टोअरना प्ले स्टोअरमध्ये जागा द्या, असेही सांगितले. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जागा देण्याचा आदेश रद्द केला. दरवाजा कोणाच्या हातात आहे, यावर किती अवलंबून असते ते चीनमध्ये दिसते. तिथे प्ले स्टोअर नाही, म्हणून हुआवे, शाओमी, टेन्सेंट अशा कंपन्यांची स्वतंत्र स्टोअर वाढली. उलट ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीला आपले अँड्रॉइडवरचे स्टोअर ऑगस्ट 2025 मध्ये बंद करावे लागले. तेव्हा नुसता पैसा असून भागत नाही.

माझ्या मते दरवाजा उघडला तरी एक प्रश्न उरतोच, तो भरवशाचा. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून त्यांनी कर्जाचे ॲप घेतले. आठ हजारांसाठी त्यांच्या फोनमधील सगळे नंबर त्या लोकांच्या हाती गेले आणि नातेवाइकांना शिवीगाळीचे फोन सुरू झाले. मुलगा दहा दिवस शाळेत आला नाही. अधिकृत दुकानातून घेतले असते तर हे टळले असते का? तेही सांगता येत नाही. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात गुगलने 2200 हून अधिक कर्जाची ॲप प्ले स्टोअरवरून काढली, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. काढली हे चांगलेच, पण तोवर ती तिथेच होती.

आपल्या समाजाने तर याचा वेगळा धडा घेतला आहे. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ कोट्यवधी लोक वापरतात. त्यातून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जाते आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदार आहेत, अशी बातमी नोव्हेंबर 2020 मध्ये आली. ॲपवाल्यांनी थेट विक्रीचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगल या दोघांनी ॲपमधून एक्स-मोडचा कोड काढायला लावला. आधी एका पत्रकाराने शोधले, मग दुकानदार जागे झाले. फज्रची वेळ बघण्यासाठी उघडलेला फोन आपला पत्ता कोणाला देतो, हे पाहणे दुकानदाराचे काम नव्हते का?

तिसऱ्या दुकानाला वाढायला जागा आहे ती इथेच. कमिशन तर उद्या गुगलही कमी करील. पण ॲप आपल्याकडून काय काय घेते, हे रिक्षावाल्या बापाला त्याच्या मराठीत किंवा उर्दूत दोन ओळींत समजावणारे, तक्रार त्याच भाषेत ऐकणारे आणि आधी तपासून मग विकणारे स्टोअर आले, तर लोक धोक्याची सूचना ओलांडूनही तिथे जातील. नुसत्या स्वदेशी नावावर मात्र ते चालणार नाही.

तोवर आपण एवढे करू शकतो. मोहल्ल्यातल्या कॉम्प्युटर क्लासला जाणाऱ्या मुलांनी ॲप उतरवून घेण्याबरोबर ॲप बनवायलाही शिकावे. आणि प्रत्येक घरात कोणीतरी एकाने अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये बसून बघावे, कुठल्या ॲपला संपर्क आणि ठिकाण कशाला हवे आहे. आमच्या शब्दांच्या ॲपला यातले काहीच लागत नाही. तरीही ते घेताना पालकांनी हाच प्रश्न आम्हाला विचारावा.